आजच्या दिवसापुरतं निगेटिव्ह

सकाळी सहाला आपल्या पलूस-भिलवडी पट्ट्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर जाऊन उभं राहा. किटल्या घेऊन रांग लागलेली असते. प्रत्येकाच्या दुधातला थोडा नमुना काढतात, यंत्रावर फॅट बघतात, आकडा पावतीवर येतो. काल फॅट चांगली लागली म्हणून आज कोणाचं दूध न बघता ओतून घेत नाहीत. त्याचा कोणी रागही मानत नाही. कालची पावती कालच्या दुधाची.

हीच रीत शाळेला लावून बघू. वर्गातल्या एखाद्या मुलाला साथीच्या विषाणूची लागण झाली, तर त्याच्याजवळ बसलेल्या सगळ्यांना घरी बसवायचं, की रोज सकाळी तपासून वर्गात घ्यायचं? कोरोनाच्या काळात काही देशांनी हा दुसरा रस्ता चालून पाहिला. आपल्याकडे मात्र शाळांचा भर सहवासातल्या मुलांना घरी ठेवण्यावर आणि वेळ आली तर शाळाच बंद करण्यावर राहिला. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण ती येण्याआधी ही पद्धत समजून घेतलेली बरी. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, पालक, शाळेचे शिपाई, सगळ्यांनाच ती कळेल अशी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ही तपासणी शाळेने स्वतःच्या डोक्याने सुरू करायची नसते. त्या त्या वेळचे आरोग्य खात्याचे नियम बदलतात. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, लक्षणं नसलेल्या आणि वय किंवा जुन्या आजारामुळे जास्त धोका नसलेल्या सहवासातल्या माणसांना तपासणीची गरज नाही असं सांगितलं होतं. म्हणून पहिला फोन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, मग बाकीचं.

दोन शब्द, दोन अर्थ

ज्याला आजार झालाय त्याला इतरांपासून वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. ज्याला अजून काही झालेलं नाही, पण जो आजारी माणसाच्या जवळ होता, त्याला वाट बघत घरी ठेवणं म्हणजे अलगीकरण. आपण ज्याला ‘क्वारंटाइन’ म्हणत होतो ते हे दुसरं. २०२० साली हातावर शाईचा शिक्का मारून १४ दिवस घरी बसवायचे, ते आठवत असेल. अशा जवळ आलेल्या माणसाला आरोग्य खात्याच्या भाषेत ‘सहवासित’ म्हणतात.

आजारी मूल घरी राहिलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. रोजची तपासणी पर्याय आहे तो फक्त सहवासितांच्या अलगीकरणाला. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पर्याय शोधायचा कशाला, तेही बघू. पोरगं घरी म्हणजे घरातलं एक मोठं माणूसही घरी. एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्याचा खाडा पडतो. किर्लोस्करवाडीला पाळीवर जाणाऱ्याला बदली शोधावी लागते. द्राक्षबागेत थिनिंगला, डिपिंगला जाणाऱ्या बाईची हजेरी बुडते, आणि बागेतली ती कामं तिच्यासाठी थांबत नाहीत. एका बाधित मुलामागे वर्गातली वीस मुलं १४ दिवस घरी बसली, तर सुट्ट्या धरून सगळ्यांचे मिळून २८० दिवस घरात गेले. त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे काहीच होत नाही.

भाऊबीज आणि १७ तारीख

आपल्या राज्यात शाळेतल्या माणसांची सरसकट तपासणी एकदा झालेली आहे. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करायचे ठरले. त्याआधी १७ ते २२ नोव्हेंबर या दिवसांत शिक्षकांनी आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आरटी-पीसीआर तपासणी करून घ्यायची, असा आदेश निघाला. ठिकठिकाणी शिक्षक स्वॅब द्यायला रांगेत उभे राहिले. लक्षणं नसलेले बाधित शिक्षक वर्गात जाण्याआधीच सापडले, हा त्याचा मोठा फायदा.

आता त्या वर्षीचं कॅलेंडर काढा. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं आणि भाऊबीज १६ नोव्हेंबरला. समजा, एक शिक्षक भाऊबीजेला बहिणीकडे जेवायला गेले आणि तिथे त्यांना लागण झाली. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, त्यांनी स्वॅब दिला. अहवाल निगेटिव्ह येणार, आणि तो खोटाही नसणार. विषाणू शरीरात शिरल्यापासून तपासणीत दिसण्याइतका वाढायला काही दिवस लागतात. त्या वेळच्या कोरोनात लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस जायचे. म्हणजे २१ तारखेच्या आसपास हे शिक्षक इतरांना लागण देऊ शकणार होते, आणि २३ तारखेला निगेटिव्ह अहवाल खिशात घालून वर्गात उभे राहणार होते.

तपासणी चांगली होती, प्रयोगशाळा चांगली होती. चूक एकच होती: एका दिवसाच्या उत्तराला पुढच्या कित्येक दिवसांचं प्रमाणपत्र मानलं गेलं. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत लस न घेतलेल्या अनेक कामगारांना निगेटिव्ह अहवाल जवळ ठेवावा लागायचा, आणि तो १५ दिवस चालायचा. १५ दिवस चालणारी दुधाची पावती कुठल्या डेअरीने मान्य केली असती?

तपासण्या दोन

आरटी-पीसीआर तपासणीत विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या प्रती काढतात. यंत्र प्रत्येक फेरीला त्या दुप्पट करतं. एकाचे दोन, दोनाचे चार असं ३० वेळा केलं की आकडा १०७ कोटींवर जातो. म्हणून नमुन्यात विषाणूचा अगदी बारीक अंश असला तरी तो सापडतो. पण त्याला प्रयोगशाळा लागते. आपल्याकडचे नमुने सांगली ओलांडून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचे, आणि गर्दीच्या दिवसांत अहवालाची वाट बघावी लागायची. शिवाय माणूस बरा झाल्यावरही कित्येक दिवस, कधी काही आठवडे, ही तपासणी पॉझिटिव्ह येत राहते.

दुसरी अँटीजेन तपासणी, जिला आपण नुसतं ‘रॅपिड’ म्हणायचो. अँटीजेन म्हणजे विषाणूच्या अंगावरचं किंवा आतलं प्रथिन. ही तपासणी प्रती काढत नाही. प्रथिन पुरेसं असेल तरच ते ओळखते. १५ ते २० मिनिटांत उत्तर, यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

पट्टीच्या आत काय होतं? दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा पट्टीतला कागद नमुन्याचा द्रव पुढे ओढत नेतो. वाटेत रंगीत कण बसवलेले असतात, ते विषाणूच्या प्रथिनाला चिकटतात. पुढे ‘टी’ खुणेपाशी त्या प्रथिनाला पकडणारी रेघ असते. प्रथिन आलं तर तिथे रंग साचतो. त्याच्याही पुढे ‘सी’ खुणेपाशी दुसरी रेघ असते. ती फक्त एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत नीट वाहिला. मेडिकलमध्ये मिळणारं गर्भधारणा तपासणीचं कीटही याच तत्त्वावर चालतं.

रॅपिडची कमजोरी लपवण्यात अर्थ नाही. जून २०२० मध्ये आयसीएमआरने पहिल्या अँटीजेन कीटला मान्यता देताना आकडे दिले होते. खरोखर बाधित असलेल्या १०० पैकी साधारण ५१ ते ८४ जणांना ते पकडत होतं. बाधित नसलेल्यांना निगेटिव्ह सांगण्यात मात्र ते १०० पैकी ९९ हून जास्त वेळा बरोबर होतं.

मग असली अर्धवट तपासणी रोज करून उपयोग काय? दोन गोष्टींमुळे उपयोग होतो. नाकात विषाणू भरपूर असतो तेव्हा, म्हणजे माणूस इतरांना लागण देण्याची शक्यता जास्त असते तेव्हा, हे कीट चांगलं पकडतं. दुसरं, ते पुन्हा पुन्हा करता येतं. समजा एका दिवशी ते १०० पैकी ६० जणांना पकडतं. सुटलेल्या ४० जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तर त्यातले २४ सापडतील आणि १६ उरतील. प्रत्यक्षात हिशोब इतका सरळ नसतो, कारण नमुनाच वाईट घेतला तर रोज तीच चूक होते. पण दिशा हीच. संकलन केंद्रावरचं यंत्र डेअरीच्या प्रयोगशाळेइतकं बारीक नसतं, पण ते रोज आणि प्रत्येकाचं दूध बघतं. त्याची किंमत त्यातच आहे.

आता पायऱ्या बघू.

पहिली पायरी: तपासणीशिवाय घरी कोण राहील?

ताप, खोकला, घसादुखी, वास न येणं, यांपैकी काही असेल तर मुलाने शाळेत यायचंच नाही. रॅपिड निगेटिव्ह आली तरी नाही. लक्षणं आहेत आणि रॅपिड निगेटिव्ह आहे, तर आरटी-पीसीआर करून खात्री करायची, हा आयसीएमआरचा तेव्हाचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ज्याच्या घरातच रुग्ण आहे, त्यालाही या पद्धतीतून वगळावं. याचं कारण शोधायला लांब जायला नको. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे बाधित सापडले. महिना संपेपर्यंत आकडा पंचविसाच्या आसपास गेला, आणि त्यातले जवळपास सगळे एकाच गोतावळ्यातले होते. एका छताखाली, एका पंगतीत लागण फार सहज होते. वर्गातल्या बाकावरचा सहवास आणि घरातला सहवास एका मापाने मोजू नये.

इथे नेहमी होणारी चूक: ‘सर्दीच आहे, पाठवून देऊ, तिथे तपासतीलच.’ असं मूल रांगेत उभं राहिलं, तर तपासणीच्या आधीच पाचजणांच्या तोंडावर शिंकून झालेलं असतं.

दुसरी पायरी: सहवासितांची यादी

कोरोनात जगभर साधारण एक माप वापरलं गेलं: बाधित व्यक्तीपासून सहा फुटांच्या आत, २४ तासांत मिळून १५ मिनिटं किंवा जास्त वेळ. बाधित मुलाला लक्षणं सुरू झाल्याच्या दोन दिवस आधीपासून हिशोब धरायचा, कारण लागण तेव्हापासूनच पसरू शकते.

हजेरीपट उघडून नुसती नावं उतरवू नका, बसण्याचा नकाशा काढा. शेजारचं बाक, पुढचं, मागचं. मग शाळेबाहेर या: डबा कोणाबरोबर खाल्ला, कुंडल किंवा आमणापूरकडून येणाऱ्या वडापमध्ये कोण खेटून बसलं होतं, संध्याकाळची शिकवणी कोणाची. शिक्षक आणि शिपाईही यादीत येतात. स्टाफरूममध्ये चहाला बसलेले चार शिक्षक हे पक्के सहवासित.

यादी दोन प्रकारे चुकते. भीतीपोटी पूर्ण शाळा धरली, तर कीट आणि माणसं पुरत नाहीत. भिडेपोटी कोणाचं नाव गाळलं, तर तीच फट राहते. हे काम वर्गशिक्षक आणि आरोग्य सेविका यांनी मिळून करावं.

तिसरी पायरी: पालकांची संमती

संमती लेखी घ्या, आणि घेण्याआधी कीट दाखवा. नाकात काडी किती आत जाणार, दुखेल का, पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय, नाव कोणाला कळणार, हे प्रश्न येतातच. उत्तरं तयार ठेवा. ‘सही करा म्हणजे झालं’ असं म्हणून घेतलेली संमती तिसऱ्या दिवशी मोडते.

नको म्हणण्याचा हक्क पालकांना आहे. त्यांचं मूल ठरलेले दिवस घरी राहील, त्याचा अभ्यास घरी पोचेल आणि त्याला कोणी हिणवणार नाही, एवढं शाळेने बघायचं.

चौथी पायरी: कीट सांभाळणं

ही पायरी साधी वाटते आणि इथेच सगळ्यात जास्त कीट वाया जातात. बहुतेक कीटवर २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवा असं छापलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किती उकडतं ते सांगायला नको. कीटचा खोका गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला, तर सकाळी चुकीची उत्तरं द्यायला तो मोकळा.

फ्रिजमध्ये ठेवले असतील, तर वापराआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाकीट आधीच फोडून टेबलावर रांग मांडून ठेवू नका. आतली पट्टी हवेतली ओल शोषते, आणि पावसाळ्यात तर मिनिटांत. एका मुलाचा नंबर आला की एकच पाकीट फोडायचं. मुदत संपल्याची तारीख रोज बघायची.

पाचवी पायरी: नमुना

नमुना कोण घेणार, हे कीटवर अवलंबून आहे. दवाखान्यासाठीचं कीट प्रशिक्षित माणसानेच वापरायचं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ. घरी वापरायचं कीट वेगळं. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ कीटला मे २०२१ मध्ये आयसीएमआरची मान्यता मिळाली. भारतातलं ते पहिलं घरगुती कोरोना कीट. अशा कीटवर लहान मुलांचा नमुना मोठ्यांनी घ्यावा अशी सूचना असते.

आधी मुलाला नाक शिंकरून घ्यायला सांगा आणि हात धुवायला लावा. तपासणी वर्गात नको. मोकळ्या व्हरांड्यात, रांगेत सहा फुटांचं अंतर ठेवून. घरगुती कीटची काडी नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर आत घालून कडेला टेकवायची आणि पाच वेळा फिरवायची. मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत, तशीच पाच वेळा.

पुढे काडी नळीतल्या द्रवात बुडवून, नळी खालून चिमटीत दाबत दहा वेळा घुसळायची. नाकातला चिकट स्राव द्रवात उतरला तरच पट्टीला काही सापडणार. नळीचं टोपण लावून पट्टीच्या खळग्यात दोन थेंब सोडायचे. थेंबांची संख्या कंपनीप्रमाणे बदलते, त्यामुळे खोक्यातला कागद वाचल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

चूक कशी होते ते बघा. पहिल्या दिवशी सगळे नीट करतात. चौथ्या दिवशी घंटा व्हायला दहा मिनिटं असतात, वीस मुलं बाकी असतात, आणि काडी नाकाच्या तोंडाशीच फिरून बाहेर येते. मूलही खूश, सिस्टरही मोकळ्या, आणि निकाल निगेटिव्ह. असा निगेटिव्ह न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण दार उघडतो. म्हणून घंटेच्या आधी तासभर तरी सुरुवात करा.

सहावी पायरी: वाचन

प्रत्येक पट्टीवर पेनाने मुलाचा हजेरी क्रमांक आणि थेंब टाकल्याची वेळ लिहा. वीस पांढऱ्या पट्ट्या एकसारख्याच दिसतात.

फक्त ‘सी’ला रेघ: निगेटिव्ह. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींना रेघ: पॉझिटिव्ह. ‘टी’ची रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच. डोळे बारीक करून ‘ही काय रेघ म्हणायची?’ अशी चर्चा करायची नाही. ‘सी’लाच रेघ नाही: तपासणी रद्द, नव्या कीटने पुन्हा.

वेळ पाळा. कोव्हिसेल्फमध्ये १५ मिनिटं थांबायचं आणि २० मिनिटांनंतर दिसणारं काहीही धरायचं नाही. प्रार्थना उरकून अर्ध्या तासाने पट्टी बघितली आणि तेव्हा पुसट रेघ उमटलेली दिसली, तर तिचा अर्थ लावता येत नाही. नवीन कीट घ्यावं लागतं.

सातवी पायरी: निगेटिव्ह आलं तर

मूल वर्गात जाईल. आजच्या दिवसापुरतं.

मास्क तोंडावर हवा, खिडक्या उघड्या हव्यात. शक्य असेल तर सहवासित मुलांनी डबा लांब, झाडाखाली बसून खावा, कारण मास्क तेव्हाच खाली येतो. शाळा सुटली की सरळ घरी: शिकवणी नाही, मैदान नाही, औदुंबरची जत्रा नाही, पाहुण्यांकडचं जेवण नाही. अमेरिकेत हीच पद्धत वापरताना मुलांना शाळेची मुभा होती, बाहेर मात्र अलगीकरण पाळायचं होतं. तिथे तिला ‘टेस्ट टू स्टे’ म्हणायचे, म्हणजे तपासून घ्या आणि शाळेत राहा.

सगळ्यात मोठी चूक या पायरीवर होते. निगेटिव्ह हा शब्द ऐकला की घरचे म्हणतात, सुटलो. आजोबांच्या खोलीत झोपायला पाठवतात, लग्नाला नेतात. पट्टीने आज सकाळी नाकात पुरेसं प्रथिन दिसलं नाही एवढंच सांगितलं. आज रात्रीचं ती सांगत नाही.

आठवी पायरी: पॉझिटिव्ह आलं तर

मुलाला वेगळ्या, हवेशीर जागी बसवा, एकटं सोडू नका, पालकांना फोन करा. ते शेतात असतील, पाळीवर असतील, यायला वेळ लागेल. तोवर कोण थांबणार हे आधीच ठरलेलं असावं. वर्गासमोर नाव पुकारायचं नाही. २०२० साली ज्या घरांवर फलक लागले, त्या घरांशी लोक कसे वागले, ते आपण पाहिलंय.

मग आरटी-पीसीआरने खात्री करून घ्या. हिशोब साधा आहे. ४० सहवासित, सात दिवस, म्हणजे २८० तपासण्या. निरोगी माणसाला निगेटिव्ह सांगण्यात कीट २०० पैकी १९९ वेळा बरोबर आहे असं धरलं, तरी २८० मध्ये एखादं मूल विनाकारण पॉझिटिव्ह ठरू शकतं. त्याला खात्रीच्या तपासणीचा मार्ग हवा. अहवाल येईपर्यंत ते घरीच राहील.

खात्री झाली की त्या मुलाची नवी यादी काढायची. दुसऱ्या पायरीवर परत.

नववी पायरी: दिवस आणि पैसा मोजणं

बाधित मुलाशी शेवटचा संबंध आला तो दिवस शून्य धरा. त्यानंतर सात दिवस. रविवार आणि सुट्टीचे दिवसही मोजायचे. मूल शाळेत आलं नाही तरी विषाणू सुट्टी घेत नाही. सोमवारी तपासल्याशिवाय वर्गात घ्यायचं नाही. ज्याला नुकताच हा आजार होऊन गेलाय त्याला या यादीत घालायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा.

खर्च डोळ्यांसमोर ठेवा. २०२१ साली कोव्हिसेल्फची किंमत २५० रुपये होती. ४० मुलं, सात दिवस: ७० हजार रुपये. जिल्हा परिषदेच्या शाळेला हे स्वतःच्या खिशातून झेपणारं नाही. कीट आरोग्य खात्याकडूनच यायला हवेत. नाही तर यादी नेमकी आणि दिवस कमी करावे लागतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लेक काउंटीच्या शाळांनी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी अशा चारच तपासण्या केल्या. त्या हिशोबाने ४० मुलांचा खर्च ४० हजारांवर येतो.

दहावी पायरी: कचरा

वापरलेली काडी, नळी, पट्टी हा जैववैद्यकीय कचरा आहे. वेगळ्या पिशवीत बांधून तो आरोग्य केंद्राकडे जायला हवा. शाळेमागे खड्डा करून पेटवायचा नाही, घंटागाडीत टाकायचा नाही. हातमोजे घालून टेबल पुसून घ्या. पिशवी रोजच्या रोज कोण नेणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. नाही तर तिसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या कोपऱ्यात सापडते.

बाहेरचा अनुभव काय सांगतो?

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये शाळांतली अशी रोजची तपासणी सुरू होता होताच थांबवावी लागली, कारण जास्त पसरणारा नवा प्रकार आला होता. नंतर एप्रिल ते जून २०२१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१ माध्यमिक शाळा आणि महाविद्यालयं घेऊन नीट चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. काही शाळांत सहवासित दहा दिवस घरी, काहींत सात दिवस रोज तपासणी करून वर्गात. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. रोज तपासणाऱ्या शाळांत लागण वाढल्याचं दिसलं नाही. दोन्हीकडे सहवासितांपैकी बाधित निघालेले साधारण शंभरात दोनच्या आत होते.

लेक काउंटीतही ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२१ या काळात १,०३५ सहवासितांमध्ये १६ जण बाधित झाले, म्हणजे दीड टक्का. तिथे वर्गात मास्क सक्तीचा होता, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंडच्या त्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या जास्त उपयोगाची. रोज तपासणीची सोय असूनही निम्म्याहून कमी सहवासितांनी ती घेतली, आणि एकूण हजेरी ठामपणे वाढली असं म्हणता आलं नाही. कीट होते, परवानगी होती. कोणी नको म्हणालं, कोणाला ते रोजचं जमलं नाही, कोणाचा विश्वास बसला नाही. ही पद्धत पट्टीवर नव्हे, माणसं रोज सकाळी येतात की नाही यावर चालते.

आपल्याकडे त्याची सवय कुठे आहे? साथीत नाही, पण संकलन केंद्रावर आहे. तिथे कोणी किटली पुढे करताना ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारत नाही. मशिनवाला पोरगा नमुना घेतो, आकडा सांगतो, पुढची किटली. तपासणी म्हणजे संशय, असं तिथे कोणाला वाटत नाही, कारण ती सगळ्यांची होते, रोज होते आणि सगळ्यांसमोर होते.

शाळेने आत्ताच करून ठेवायची कामं तीन. प्रत्येक वर्गाचा बसण्याचा नकाशा वहीत काढून ठेवा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर कार्यालयाच्या भिंतीवर लावा. आणि एका पालकसभेत रिकामी पट्टी हातोहात फिरवा. साथ नसताना बघितलेल्या पट्टीची साथ आल्यावर भीती वाटत नाही.

आठव्या दिवशी, सगळं निगेटिव्ह आलं तर, त्या मुलांच्या नावापुढे वहीत एक रेघ मारायची आणि त्या दिवसापासून त्यांना इतरांसारखं वर्गात येऊ द्यायचं. तोवर रोज सकाळी व्हरांड्यात टेबल मांडायचं, काल कोणाचं काय आलं होतं ते न विचारता.